कोड यंत्र लिहू लागले. आपली मुले कोणत्या खात्यात असतील?

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला मुलगा. घरातला पहिला इंजिनिअर. संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना कॅम्पसमधून एका कंपनीने त्याची निवड केली. ऑफर लेटर आले, वाडीत पेढे वाटले गेले. त्याला आता वर्ष होत आले, पण रुजू होण्याचे पत्र काही आलेले नाही. आई रोज विचारते, "काय रे, बोलावलं का?" सध्या तो महाडमध्ये एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो.

मागच्या महिन्यात विहारातली बैठक संपल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, "ताई, कोड आता मशीनच लिहितं. मग चार वर्षं मी काय शिकलो?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली संगणक आणि आयटी शाखेत शिकत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढले आहे, शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहिली आहे. मी समाजशास्त्र शिकलेली. कोड लिहिणे हा माझा विषय नव्हे. पण नवे यंत्र आले की कामाची वाटणी कशी बदलते आणि त्या वाटणीत कोणाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न समाजशास्त्राचाच आहे. म्हणून उपलब्ध अभ्यास वाचले, आयटीत नोकरी करणाऱ्या आपल्या भावाबहिणींशी बोलले. जे समजले ते इथे मांडते.

ही साधने नेमके काय करतात?

२०२१ मध्ये गिटहब कंपनीने 'कोपायलट' हे साधन आणले. प्रोग्रॅमर एक ओळ लिहू लागला की पुढची ओळ ते सुचवायचे. मोबाइलवर मेसेज लिहिताना कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, तसाच हा प्रकार, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साध्या भाषेत मागणी करून पूर्ण प्रोग्रॅम लिहून घेता येऊ लागला. त्यानंतरची पायरी 'एजंट'ची. कर्सर, क्लॉड कोड यांसारखी साधने प्रकल्पातल्या सगळ्या फायली वाचतात, बदल करतात, प्रोग्रॅम चालवून पाहतात, चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा चालवतात. गुगलमध्ये तयार होणाऱ्या नव्या कोडपैकी पाव हिश्शाहून अधिक कोड एआय लिहिते आणि मग इंजिनिअर तो तपासतात, असे कंपनीचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच सांगितले होते.

हे जमते कसे? या साधनांच्या मुळाशी भाषेचे प्रारूप असते. इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर आणि लोकांनी खुला ठेवलेला कोड वापरून त्याला शिकवलेले असते. कशानंतर काय येण्याची शक्यता जास्त, हे ते त्यातून शिकते. त्यामुळे हजारो लोकांनी हजारदा लिहिलेले काम, जसे की लॉगिनचे पान, नोंदणीचा फॉर्म किंवा अहवालाचा तक्ता, ते झटक्यात करते. पण शक्यता म्हणजे सत्य नव्हे. अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव ही साधने बिनदिक्कत लिहून देतात. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने 'काहीही बदलू नको' अशी सूचना असतानाही एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता. त्याबद्दल कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

विहारातला एक अनुभव

त्या मुलाला आम्ही एक काम दिले. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या भागातील मुलांची यादी ठेवायची. कोणाचे कोणते कागद बाकी आहेत, हे एका नजरेत दिसले पाहिजे. त्याने एआय साधनाला काम सांगितले आणि तासाभरात प्रोग्रॅम तयार झाला. एरवी आठवडा गेला असता, असे तोच म्हणाला. पान देखणे होते, बटणे चालत होती, कुठे एरर नव्हता.

मग आम्ही नावे भरायला घेतली. धर्म 'बौद्ध' आणि प्रवर्ग 'अनुसूचित जाती' निवडले की प्रोग्रॅम नोंद नाकारायचा. 'माहिती विसंगत आहे' असा लाल अक्षरांत संदेश यायचा. शेजारी बसलेले आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, लगेच म्हणाले, "अरे, हा तर नव्वदच्या आधीचा कायदा लावतोय."

कोड उघडून पाहिला तर खरेच एक अट होती: अनुसूचित जातीसाठी धर्म हिंदू किंवा शीख असला पाहिजे. तशी अट कोणीच सांगितली नव्हती. यंत्राने ती स्वतःहून घातली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा प्रामुख्याने हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला आणि बौद्धांचा समावेश व्हायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. जुन्या कायद्याबद्दल लिहिलेला मजकूर जगात भरपूर आहे. त्यातलेच काहीतरी यंत्राने उचलले असावे.

त्या मुलाने ती अट काढली. काम दोन मिनिटांचे होते. पण ती अट चुकीची आहे हे ओळखायला १९५६ ची धर्मांतराची दीक्षा, त्यानंतर सवलतींसाठी झालेला लढा आणि १९९० ची दुरुस्ती माहीत असावी लागते. हाच प्रोग्रॅम एखाद्या कार्यालयात बसला असता आणि तपासणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसता, तर? कोणीही मुद्दाम अन्याय केला नसता, आणि तरीही आपल्या मुलांचे अर्ज लाल अक्षरांत परत आले असते.

मी त्याला म्हटले, "चार वर्षं काय शिकलास ते आता कळलं ना? कोड उघडून ती ओळ तू शोधलीस. गुरुजींना चूक कळली, पण ती कुठे आहे ते सापडलं नसतं. आणि तुला ओळ सापडली, पण ती चूक आहे हे गुरुजींनी सांगितलं." डेव्हलपरचे काम आता या दोन्ही गोष्टी एका माणसात मागते.

काम संपले की सरकले?

सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम ढोबळमानाने पाच भागांत मोडते. लोकांना काय हवे आहे ते समजून घेणे, त्याचा आराखडा करणे, कोड लिहिणे, तो तपासणे, आणि चालू झाल्यावर तो सांभाळून त्याची जबाबदारी घेणे. यंत्राने तिसरा भाग मोठ्या प्रमाणात उचलला आहे. दुसऱ्या आणि चौथ्या भागात ते मदत करते. पहिला आणि पाचवा भाग माणसाकडेच आहे. पगार कापला गेला किंवा रुग्णाचा अहवाल चुकला, तर 'मशीनने केले' असे म्हणून सुटता येत नाही.

म्हणजे डेव्हलपर लिहिणारा कमी आणि काम सोपवणारा, तपासणारा, सही करणारा जास्त होत आहे. ऐकायला हे बढतीसारखे वाटते. पण नवशिक्या मुलांना कंपन्या जे काम द्यायच्या, ते नेमके तिसऱ्या भागातले होते. छोटे बदल, साधे फॉर्म, सोप्या दुरुस्त्या. हे करता करताच दोन-तीन वर्षांत मुलगा तयार व्हायचा. आता अनुभवी इंजिनिअर तेच काम साधनाकडून करून घेतो. जिना तोच आहे, पण खालची पायरी काढली जात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील पगारपत्रकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. २२ ते २५ वयोगटातील सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरच्या उच्चांकाच्या तुलनेत जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. त्याच क्षेत्रातल्या वयाने मोठ्या, अनुभवी लोकांना असा फटका बसलेला दिसला नाही. हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि मंदावलेल्या भरतीला इतर कारणेही आहेत. पण आपल्या मुलांचे अनुभव त्याच दिशेने बोट दाखवतात. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक होते. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. म्हणजे नुसता अनुभवही आता पुरेसा राहिलेला नाही.

दुसरी बाजूही पाहू. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. काही कामांत एआय वापरायला परवानगी होती, काहींत नव्हती. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि गंमत म्हणजे आपले काम २० टक्के लवकर झाले असे त्या डेव्हलपरांना वाटत होते! साधने त्यानंतर सुधारली आहेत. तरी धडा कायम आहे: 'मला वाटते' आणि 'मी मोजले' यांत फरक असतो. तथागतांनी कालामांना हेच समजावले होते. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, तर्काला पटले म्हणूनही स्वीकारू नका. स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. यंत्राचा कोड हातात आला की हीच कसोटी लावायची.

गिरणीतले साचेखाते

आपल्या महाड-पोलादपूर भागातून, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत गेले. गिरणी म्हणजे आधुनिक यंत्र. यंत्राला जात नसते, असे वाटेल. पण गिरणीत जास्त मजुरीचे विणकामाचे, म्हणजे साच्याचे खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धाग्याला आपल्या माणसाचे ओठ लागले तर विटाळ! म्हणून आपल्या लोकांनी कमी मजुरीच्या रिंग खात्यात राहायचे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खाती सर्वांना खुली हवीत, ही मागणी त्यांनी लावून धरली.

मला आजच्या बदलात हाच प्रश्न दिसतो. यंत्र आले म्हणजे सगळ्यांचे काम जाते असे नाही. कामाची नवी खाती पडतात. एका खात्यात काय बनवायचे ते ठरवणारे आणि तपासून सही करणारे बसतील. दुसऱ्या खात्यात यंत्राला शिकवण्यासाठी दिवसभर चित्रांना आणि वाक्यांना खुणा करणारे, कमी पैशांत राबणारे असतील. आपली मुले कोणत्या खात्यात असतील?

आयटी क्षेत्रात कायद्याने आरक्षण नाही. तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपली मुले तिथे पोहोचली. शिक्षणातल्या आरक्षणामुळे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आणि कंपन्या कॅम्पसमधून एकदम शेकड्यांनी भरती करत असल्यामुळे परीक्षा पास झाली की आत शिरता येत होते. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचा तो पगार शहरातल्या सुखवस्तू घराला किरकोळ वाटेल, पण आपल्या कितीतरी घरांचे पत्रे त्याच पगारातून बदलून स्लॅब पडले. आता घाऊक भरती आटली की किरकोळ भरती वाढते. किरकोळ भरतीत ओळख चालते, शिफारस चालते, 'आपल्यातला' माणूस चालतो. ज्या घरात आधीच चार इंजिनिअर आहेत त्यांना ओळख शोधावी लागत नाही. आपल्यासाठी खरा धोका तिथे आहे.

तळे कागदावर खुले होते

'ही साधने तर सगळ्यांना खुली आहेत, शिकणाऱ्याला कोणी अडवले?' असे काही जण म्हणतात. महाडकरांना हे नवीन नाही. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ चा. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा. त्यानंतरही कोर्टाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव आणि ओंजळ यांच्यात एवढे अंतर असते.

आजचे अंतर कशाचे? पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते. घरात एकच मोबाइल असतो, लॅपटॉप नसतो. साधनाच्या मोफत भागाची मर्यादा अर्ध्या तासात संपते आणि पुढे महिन्याला पैसे भरावे लागतात. एरर इंग्रजीत येतात. मुलगी असेल तर संध्याकाळनंतर लायब्ररीत थांबायला परवानगी मिळत नाही. ही अडचण एकेकट्याने सुटणारी नाही. तळ्यावरही कोणी एकेकटे गेले नव्हते.

मग काय करायचे?

विद्यार्थ्यांनी आधी पाया हाताने घालावा. पहिली दोन वर्षे छोटे प्रोग्रॅम यंत्राच्या मदतीशिवाय लिहा. डेटाबेस, एसक्यूएल, नेटवर्क, सुरक्षेची मूलतत्त्वे समजून घ्या. ज्याने स्वतः कधी चूक शोधली नाही, त्याला यंत्राची चूक दिसणार नाही. त्यानंतर साधन जरूर वापरा, पण शिक्षक म्हणून. न समजलेली ओळ मराठीत समजावून मागा. रात्री अकरा वाजता न कंटाळता शंकेचे उत्तर देणारे कोणी आपल्या मागच्या पिढीला मिळाले नव्हते. ही संधी खरी आहे. मात्र समजावलेले चालवून पाहिल्याशिवाय खरे मानू नका. जी ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावता येत नाही, ती आपल्या नावाने कुठेही देऊ नका. मुलाखतीतही आता याच गोष्टीची परीक्षा होते.

दुसरे, आपले काम चारचौघांत दिसेल असे ठेवा. गिटहबवर प्रकल्प ठेवा, खुल्या प्रकल्पांत छोट्या दुरुस्त्या पाठवा. ज्याच्याकडे ओळख नाही, त्याच्याकडे निदान दाखवण्याजोगा पुरावा असावा.

तिसरे, आपल्या भागाचे ज्ञान हे कौशल्य समजा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली होते, तळीयेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गेली. कोणत्या वाडीचा रस्ता आधी तुटतो, कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, निरोप कोणामार्फत पोहोचतो, हे बंगळुरूच्या इंजिनिअरला माहीत नाही आणि यंत्रालाही नाही. ते तुम्हाला माहीत आहे. काय बनवायचे हे ठरवणाऱ्या खात्यात जाण्याचा रस्ता इथून सुरू होतो.

कार्यकर्त्यांसाठीही कामे आहेत. विहारांतून धम्मवर्ग चालतात, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच जागेत आठवड्यातून एकदा दोन तास 'कोडवाचन' का नसावे? एक जुना लॅपटॉप, एक नेट जोडणी, वर्गणीतून भरलेले एखाद्या साधनाचे पैसे, आणि चार मुलेमुली एकमेकांचा कोड तपासत आहेत. महाडमध्ये असा वर्ग या वर्षावासात सुरू करण्याचा आमचा प्रयत्न आहे. मुलींना घरी सोडण्याची जबाबदारी आम्ही ताया घेऊ.

हिंजवडी, ऐरोली, बंगळुरू इथे नोकरी करणाऱ्या भावाबहिणींना विनंती आहे: २० मार्चला तुम्ही महाडला येता, क्रांतिस्तंभाला वंदन करता. त्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी दोन तास मुलांच्या सराव मुलाखती घ्या. तुमच्या कंपनीत जागा निघाली तर शिफारस करा. इतर समाज हे उघडपणे करतात. आपण संकोच करू नये.

एक सावधगिरीचा इशारा. लोकांचे आधार, जातीचे दाखले, बँकेचे तपशील कोणत्याही एआय साधनात टाकू नका. सरावासाठी खोटी नावे वापरा. आपल्यावर विश्वास ठेवून लोकांनी कागद दिलेले असतात.

आणि मागण्या सोडायच्या नाहीत. अभ्यासक्रमात कोड तपासणी आणि चाचणी यांना जागा हवी. शासनाने सॉफ्टवेअर विकत घेताना ते वापरणाऱ्या समाजघटकांकडून आधी तपासून घेतले पाहिजे. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा प्रश्नही या बदलाने जुना झालेला नाही. खालची पायरी जात असताना तो जास्तच निकडीचा झाला आहे.

त्या मुलाचे पत्र अजून आलेले नाही. पण विहारातल्या त्या यादीचा प्रोग्रॅम आता शेजारच्या दोन गावांनी मागितला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो स्वतः जाऊन आधी माणसांशी बोलतो, मग यंत्राशी. परवा आईने विचारले, "काय रे, बोलावलं का?" तर म्हणाला, "कंपनीने नाही, पण गावाने बोलावलंय." त्याला पगाराची नोकरी मिळालीच पाहिजे, त्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. ती मिळेपर्यंत त्याचा हात सुटू न देणे हे आपले काम आहे.

जय भीम.